सावलीचं भाडं

माझ्या नणंदेच्या नवऱ्याइतका सरळ माणूस कोल्हापूर जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि त्या सरळपणाचा त्रास त्याच्या बायकोइतका कुणाला झाला नसेल. आम्ही त्यांना दाजी म्हणतो. गडमुडशिंगीजवळ रुळांची कामं घेणाऱ्या एका कंपनीच्या पत्र्याच्या खोल्या आहेत, तिथं ते राहतात. तिथल्याच टोळीचे मुकादम. भाजीवालीनं चार मिरच्या वर टाकल्या तर परत देतात. एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तर नणंदेला म्हणाले, "तू अर्ध्यात हायस, जरा आवरून बस."

अशा माणसाला गड्यांनी खोल्यांचं भाडं ठरवायला दिलं. कंपनी सगळ्यांच्या पगारातून सारखंच भाडं कापायची आणि त्यावरून रोज भांडणं. कारण बहुतेक खोल्या भट्टीसारख्या, आणि टोकाची एक कडुलिंबाखाली, थंडगार. शेवटी साहेब वैतागून म्हणाला, एकूण रक्कम तेवढीच आली पाहिजे, वाटणी तुमची तुम्ही करा. दाजींनी टेप काढली नाही. ऐन एप्रिलात रोज दुपारी एकेका खोलीत इस्त्रीचा सदरा घालून, पंखा बंद करून, मांडी घालून बसायचे. सदरा पाठीला चिकटायला किती मिनिटं लागली ते वहीत लिहायचे. लवकर चिकटला तर भाडं कमी. एका घरात ताक दिलं, तर ते पिऊन झाल्यावर त्यांनी ती मोजणीच रद्द केली आणि दुसऱ्या दिवशी परत तिथं बसले. एका खोलीत चक्कर येऊन आडवे झाले. शुद्धीवर आल्यावर पाणी नाही, घड्याळ मागितलं.

कडुलिंबाखालच्या खोलीत अर्धा तास झाला तरी सदरा कोरडा. ती खोली दाजींचीच. नणंदेला दमा, तापल्या पत्र्याखाली तिचा जीव घुसमटतो, म्हणून मिळवलेली. गडी म्हणाले, तुमची खोली सोडा, वैनी आजारी हाय, आम्ही भरतो थोडं थोडं जास्त. दाजींनी सगळ्यात मोठं भाडं त्याच खोलीला लावलं.

"दमा तिला हाय, खोलीला न्हाय," म्हणाले.

औषधपाणी करून तेवढं भाडं निभेना. वर्षभरात ते भट्टीसारख्या खोलीत गेले आणि उन्हाळ्यापुरती नणंद आमच्याकडं मुरगूडला आली. हा तिचा चौथा उन्हाळा. दाजी दर रविवारी येतात. दोघं कट्ट्यावर बसतात आणि बोलतात काय, तर तिकडच्या नळाला पाणी किती वाजता येतं. पाचची गाडी आली की ते उठतात.

मला राग येतो. मागच्या रविवारी तोंडावर म्हटलं, वहीतला एक आकडा बदलला असता तर बायको घरात असती. ते चपला शोधत राहिले. गाडी गेल्यावर नणंद मला म्हणाली, "त्यांनी बदलला असता, तर त्या सावलीत मला झोप लागली नसती, वैनी."

असेल. पण मग असं रस्त्याकडं बघत बसू नये माणसानं. ती बसते. रविवारी संध्याकाळच्या भाकरी मीच थापते, तिला हाक मारत नाही.