ऐकून घेणाऱ्या डॉक्टरबाई

मागच्या महिन्यात विमलताईंच्या भाचीचा फोन आला, तेव्हा मी ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. "मावशी, आत्या गेली. सकाळचा चहा घेतला आणि बसल्या बसल्याच डोळे मिटले..." हातातली शेंग मी टोपलीत ठेवली. रडू आलं नाही. इतकं भरलेलं आयुष्य जगून शांतपणे गेलेल्या माणसाचं वाईट तरी किती वाटून घ्यायचं!

मला त्या आठवतात त्या ढोकीच्या दवाखान्यातल्या. बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. मी तिथं नर्स होते, त्या तरुण डॉक्टर. विमलताई जळकोटच्या. वडील रस्त्याच्या कामावर मजूर, घरानं बौद्ध धम्म स्वीकारलेला. मनावरच्या ताणातून शरीराला जडणारी दुखणी, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. दुष्काळी कामावर खडी फोडलेल्या कितीतरी बाया तेव्हा यायच्या. कुणाच्या पोटात गोळा उठायचा, कुणाची छाती धडधडायची, तपासणीत मात्र काही निघायचं नाही. आमचे थोरले डॉक्टर म्हणायचे, "ढोंगं आहेत, टॉनिक देऊन वाटेला लावा." विमलताई शांतपणे म्हणायच्या, "दुखणं खरंच आहे, सर. कारण आपल्याला सापडलेलं नाही, एवढंच."

त्यातलीच एक काशी. पंचविशीची, पण हाडांचा सापळा झालेली. घास घशाखाली उतरायचाच नाही. देवऋषी करून झाले होते. आता सासूनं ठरवलं होतं, की बरी झाली नाही तर माहेरी पोचवायची. विमलताईंनी आधी तिला सोलापूरला नेऊन घशाचे एक्स-रे फोटो काढून घेतले. शरीराची खात्री झाल्याशिवाय मनाचं नाव काढायचं नाही, हा त्यांचा नियम होता. फोटोत काही निघालं नाही.

सासूनं विचारलं, "तुमी कुण्या गावच्या? कुणाच्या?" विमलताईंनी सरळ सांगितलं. त्यानंतर म्हातारी बाकाच्या पार टोकाला सरकून बसली. दवाखान्यातला चहाही तिनं घेतला नाही. विमलताईंनी ते पाहिलं, पण चेहऱ्यावर काही येऊ दिलं नाही.

काशी दर बाजारच्या दिवशी यायची आणि गप्प बसायची. एकदा विमलताईंनी सासूला बाहेर थांबवलं आणि काशीला विचारलं, "शेवटचं पोटभर कधी जेवलीस गं?" काशीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग ती म्हणाली, "लेकरू होतं तवा." दुष्काळात तिची तान्ही मुलगी हगवणीनं गेली होती. तेव्हा पोटात दुसरं होतं, म्हणून घरच्यांनी तिला रडू दिलं नव्हतं. पुढं तेही राहिलं नाही. "घास घेतला की तिचं त्वांड दिसतंय, बाई..." काशी त्या दिवशी पोट धरून रडली. मी उठून पाणी आणायला निघाले, तर विमलताईंनी हातानंच थांबवलं. रडू द्या तिला, असं त्यांना म्हणायचं होतं.

असे कितीतरी आठवडे गेले. मग काशीच्या संमतीनं त्यांनी सासूलाही आत घेतलं. म्हातारी आधी उखडली, "मीच रडू दिलं न्हाय व्हय? माजी नात न्हवती ती?" आणि बोलता बोलता तिचाच आवाज फुटला. सुनेचं आणि सासूचं दुःख पहिल्यांदाच एका खोलीत आलं. त्यानंतर काशी आधी आंबील घेऊ लागली, मग दुधात कुस्करलेली भाकरी.

सुगीत म्हातारी आम्हा दोघींना जेवायला बोलवायला आली. तिनं विमलताईंना चुलीपाशी, काशीच्या शेजारी बसवलं आणि स्वतः वाढलं. "लई वाळलाव, डॉक्टरबाई. अजून अर्धी घ्या." काशी पोटभर जेवली. परतताना विमलताई वाटभर काहीतरी गुणगुणत होत्या.

सगळेच काही बरे झाले नाहीत. डोकेदुखीचे एक मास्तर मध्येच यायचे बंद झाले. प्रबंधात विमलताईंनी तेही लिहिलं. मार्गदर्शक नाराज झाले, तरी ते पान त्यांनी काढलं नाही.

निवृत्तीनंतर मी कळंबला राहते. गल्लीतल्या बाया मन मोकळं करायला येतात. कुणी आलं, की मी दोन्ही खुर्च्या जरा तिरप्या ठेवते. ती विमलताईंची शिकवण. समोरासमोर बसलं की माणूस बिचकतं, त्याला दुसरीकडं बघायची सोय हवी, असं त्या सांगायच्या. परवा शेजारची सून आली. मी खुर्ची खिडकीकडं वळवली. ती बाहेर बघत राहिली... आणि मग हळूहळू बोलू लागली.