गाडी नावावर करून घ्यायची राहिली

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही, असं म्हटलं तर तेही खोटं होईल. सांगितली, पण वेगळी करून सांगितली. पेन्शनरांच्या बैठकीत सांगितली, एका लग्नाच्या पंगतीत सांगितली, आणि दोन्हीकडे लोकांनी माझ्या बाजूने मान हलवली. खरी गोष्ट सांगायचं मात्र कितीतरी वर्षं टाळत आलो. माझं खोटं ज्यांनी ऐकलं त्यांतले काहीजण अजून आहेत. निदान त्यांनी तरी हे वाचावं.

मी आणि दादा नांदेड जिल्ह्यात तहसील कचेरीत एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसत होतो. तो माझा सख्खा भाऊ नव्हे. हदगावकडच्या एका बौद्ध कुटुंबातला, घरातला पहिला सरकारी नोकर. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, म्हणून मी दादा म्हणायचो. तो मला थट्टेने ‘पाव्हणं’ म्हणायचा, कारण दुपारी त्याच्या डब्यात माझा हात पहिला पडायचा.

आमचं काम फेरफाराचं. कुणाची जमीन कुणाच्या नावावर गेली, त्याची नोंद घ्यायची. बाप जाऊन दहा-दहा वर्षं झाल्यावर पोरं यायची, तोवर सातबारावर बापाचंच नाव. मी खेकसायचो, “इतके दिवस झोपला होता का?” दादा त्यांना बसवायचा, पाणी द्यायचा. ते गेल्यावर मला म्हणायचा, “पाव्हणं, कागद मागं राहिला की मागच्या माणसाचे हाल होतेत. ओरडून काय उपेग?”

निवृत्तीनंतर मी लातूरला घर बांधून राहिलो, तो नांदेडातच राहिला. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत त्याने एक छोटी पांढरी गाडी घेतली होती. दर रविवारी स्वतः धुवायचा. मागच्या काचेवर निळ्या धम्मचक्राचं स्टिकर होतं. त्याच्या धाकट्या मुलीने पट्टीने मोजून बरोबर मधोमध लावलेलं.

पुढे त्याची किडनी बिघडली. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं आणि गाडी दारात उभी राहू लागली. एक दिवस त्याचा फोन आला.

“गाडी काढून राहिलो. बाहेरच्याला द्यायला जीव होत न्हाई. तू घेतो का?”

मी एस.टी.ने गेलो. वहिनींनी जेवू घातलं. जेवण झाल्यावर मी पैसे दिले आणि दादाने गाडीच्या बॉनेटवर एकेक कागद मांडला. आर.सी. बुक, इन्शुरन्स, पीयूसी, आधारची झेरॉक्स, पासपोर्ट फोटो आणि सही केलेले ट्रान्सफरचे दोन फॉर्म. इतक्या वर्षांची सवय, सगळं टाचणी लावून.

मी म्हटलं, “दादा, आपल्यात कशाला एवढे कागद?”

“आपल्यातच पाहिजेत. परक्याला मी कोर्टात खेचीन. तुला कुठं खेचू?”

वहिनी हसल्या, मीही हसलो. दादा मात्र हसला नाही. म्हणाला, “आठ दिवसांत नाव करून घे. ऑनलाइन हाय सगळं. ओटीपी माझ्या फोनवर येईल, तो सांगतो. न्हाई जमलं तर इथं ये, समोर बसून करू. मी हाय तवर कर. मी गेल्यावर माझ्या लेकीला आरटीओच्या दारात उभी करू नको. एवढंच मागणं हाय.”

“झालंच म्हणून समज,” मी म्हणालो आणि गाडी घेऊन निघालो.

आता ते लिहितो, जे बायकोलाही कधी सरळ सांगितलं नाही. लातूरला आल्यावर दोन-तीन दिवसांत एका नातेवाइकाने गाडीभोवती चक्कर मारली, मागच्या काचेपाशी थांबला आणि हसत विचारलं, “कुणाची घेतली?” एवढंच विचारलं. त्या संध्याकाळी मी गरम पाणी आणि ब्लेड घेऊन बसलो आणि ते स्टिकर खरवडून काढलं. बायकोला सांगितलं, कडा उचलल्या होत्या. कडा कुठेही उचललेल्या नव्हत्या. पोरीने इतकं पक्कं लावलं होतं की मला अर्धा तास लागला.

आणि ट्रान्सफर? जुन्या गाड्यांचा व्यवहार करणारा एक ओळखीचा म्हणाला, “काका, एवढ्यात नाव चढवू नका. उद्या विकायची म्हणलात तर ‘फर्स्ट ओनर’ म्हणून हातोहात जाईल. फॉर्म सही केलेले हायतच की.” मला ते पटलं. म्हणजे कागदावर दादाचं नाव मला चालत होतं, कारण त्यात माझा फायदा होता. काचेवरचं तेवढं नको होतं.

दर पंधरा-वीस दिवसांनी दादाचा फोन यायचा.

“झालं का नाव?”

“टाकलंय दादा ऑनलाइन. सर्व्हर डाऊन आहे म्हणतात.”

कधी सर्व्हर, कधी एजंट गावाला, कधी आधारवरचं स्पेलिंग. ओटीपी त्याच्या फोनवर आल्याशिवाय अर्ज पुढे सरकतच नाही, आणि तो एकदाही आला नव्हता. म्हणजे मी खोटं बोलतोय हे त्याला पहिल्या दिवसापासून कळत असणार. जन्मभर कागदात बसलेला माणूस तो. मला त्या वेळी हे सुचलंसुद्धा नाही.

चलनाचे मेसेजही त्यालाच जायचे. एकदा म्हणाला, “पाव्हणं, काल अहमदपूरच्या पुढं लई घाईत व्हता म्हणं.”

“तुला कोणी सांगितलं?”

“सरकारनं. माझीच हाय ना गाडी अजून.”

आम्ही दोघेही हसलो. मी दंड भरला आणि विसरून गेलो.

थंडीच्या दिवसांत त्याचा आवाज खाली गेला होता. “या आठवड्यात ये बाबा. सोमवार-गुरुवार सोडून कवाबी. पाच मिनिटांचं काम हाय.”

“दादा, ताप आहे मला. उठवत नाही. पुढच्या आठवड्यात नक्की.”

ताप नव्हता. त्या बुधवारी नांदेडलाच आमच्या नात्यात साखरपुडा होता आणि आम्ही त्याच गाडीने गेलो. मंगल कार्यालयापासून दादाचं घर दहा मिनिटांवर. बायको म्हणाली, “आलोच आहोत तर पाच मिनिटं जाऊन येऊ.” मी म्हणालो, “त्याची झोपायची वेळ असेल.” गेलो असतो तर फॉर्म काढावे लागले असते. परतताना एका चौकात सिग्नल पडत असताना मी गाडी काढली.

चार दिवसांनी दादाकडून व्हॉट्सअपवर एक फोटो आला. खाली एक अक्षर नाही. चलनाचा फोटो होता, मागून काढलेला. नांदेडचा चौक, तारीख, वेळ, गाडीचा नंबर. आणि मागची काच, कोरी.

मी फोन हातात धरून बसलो असतानाच त्याचा कॉल आला.

“ताप उतरला का?”

मी फोन घेऊन बाहेर अंगणात गेलो.

“माझी नजर आता कमी हाय. धाकटीनं मोठा करून दाखवला फोटो. तिलाच आधी दिसलं.” तो दम घ्यायला थांबला. “काचंवरचं काढलास. आता कागदावरचंबी काढ की.”

आणि फोन ठेवला.

त्याच दिवशी नांदेड गाठायला हवं होतं. लाज वाटली, पण दोन दिवसांत त्या लाजेचा राग झाला. आजारी माणसाने एवढं टोचून बोलावं का? काचेवर काय ठेवायचं हे गाडी घेणारा ठरवणार ना? असं मनाशी घोळवत मी त्या महिन्यात पेन्शनरांच्या बैठकीला गेलो. कुणीतरी सहज विचारलं, “दादांची गाडी घेतली म्हणे. झाली का नावावर?”

मी म्हणालो, “कुठली? आजारपणानं संशयी झालेत ते. ओटीपीच देत नाहीत. फेऱ्या मारून दमलो.”

एकजण म्हणाला, “जाऊ द्या, आजारी माणूस.” मीही उदार चेहरा करून “जाऊ द्या” म्हणालो. बैठकीत नांदेडचे दोघे होते. हे दादापर्यंत जाणार हे मला माहीत होतं. त्याने चिडून फोन करावा, मग मलाही चिडता येईल, याची मी वाट पाहत राहिलो. फोन आला नाही. तीन महिन्यांनी आला तो त्याच्या जावयाचा.

अंत्यविधीला मी गेलो. गाडी दोन गल्ल्या अलीकडे उभी केली आणि मागच्या रांगेत उभा राहिलो. बुद्धवंदना चालली होती. वहिनींच्या समोर न जाताच परतलो.

पुढे काही आठवड्यांनी त्याची धाकटी मुलगी लातूरला घरी आली. एकटीच, बसने, हातात फाइल. मृत्यूचा दाखला, वारसांची शपथपत्रं, वहिनींच्या सह्या. बापासारखंच टाचणी लावून.

“काका, बाबांनी सही केलेले फॉर्म आता चालत नाहीत. गाडी आधी आरटीओत जाऊन आईच्या नावावर करावी लागली. ते झालं. आता तुमच्या नावावर करू.”

“तू कशाला एवढं… मी आलो असतो.”

तिने मोबाइलवर साइट उघडली, माझं आधार मागितलं, आईला फोन लावून तिचा ओटीपी घेतला. मग माझा फोन वाजला.

“ओटीपी सांगा, काका.”

मी सहा आकडे वाचून दाखवले. पाच मिनिटंही लागली नव्हती.

फाइल बंद करताना ती खाली बघून म्हणाली, “बैठकीतलं बाबांच्या कानावर आलं होतं. मला राग आला, ते काही बोलले नाहीत. फक्त शेवटपर्यंत फोन उशाशी ठेवायचे. डायलिसिसला जाताना माझ्या हातात द्यायचे. म्हणायचे, पाव्हण्याचा ओटीपी येईल, मी झोपलेला असलो तरी त्याला लगेच सांग. त्याचं काम अडू देऊ नको.”

बायको आत चहा गाळत होती, ती तिथेच थांबली. मला त्या मुलीच्या पायाशी बसावंसं वाटलं. तोंडातून निघालं, “जेवून जा.”

“बस आहे, काका.”

ती दारातल्या गाडीच्या मागून गेली. काचेकडे तिने पाहिलं नाही.

नवीन कार्ड पोस्टाने आलं. मालक क्रमांक तीन. पहिला दादा, दुसऱ्या वहिनी, तिसरा मी. गाडी मी विकलेली नाही. आता विकवत नाही.

दादाचा नंबर वहिनींकडे आहे. वर्षातून एक-दोनदा मी तो लावतो. “बोला भाऊजी,” त्या म्हणतात. मी तब्येत विचारतो, पाऊसपाणी विचारतो आणि ठेवून देतो. लावण्याआधी प्रत्येक वेळी जे ठरवलेलं असतं, ते इथे लिहितो.

दादा, ओटीपी तू कधी नाकारला नाहीस, मी कधी मागितलाच नाही. मला ताप नव्हता. स्टिकरच्या कडा उचलल्या नव्हत्या. तू एवढंच मागितलं होतंस की लेकीला आरटीओच्या दारात उभी करू नको, आणि मी तिला उभी केली. माझं चुकलं, दादा. मला माफ कर.