न सांडणारं पाकीट

हे मी सांगायला लागले की घरातले एकमेकांकडे पाहतात. पाहू द्या. तपासणीसाठी उघडतं पण सांडत नाही असं टपालाचं पाकीट मी बनवलं, माझ्या डोक्यानं, माझ्या हातानं. ते मी नाही सांगणार तर काय पोस्टाची पेटी सांगणार?

सत्तरच्या दशकातली गोष्ट. वाशीम अजून जिल्हा झाला नव्हता, आम्ही अकोल्याचे म्हणवत होतो. मी कामरगावची. आमच्या बौद्ध वस्तीत मॅट्रिक झालेली पहिली मुलगी. बाप लहानपणीच गेला. माय रोजानं वावरात जायची, पण शाळेच्या दिवशी तिनं मला एकदाही सोबत नेलं नाही. मॅट्रिकनंतर तालुक्याच्या गावी एका बियाण्याच्या दुकानात मला पत्ते लिहायचं काम मिळालं. सकाळच्या एसटीनं जायचं, संध्याकाळच्या एसटीनं यायचं. बोली तीन महिन्यांची होती. काम पसंत पडलं तर पक्की, नाहीतर रामराम.

दुकानात एक दिवाणजी होते, शेठजींच्या वडिलांच्या वेळचे. नाकात तपकीर, कानावर पेन्सिल. मला खुर्ची दिली हे त्यांना पहिल्या दिवसापासून खुपलं. "खुर्चीवर बसून बाई काय करंन? पंखा पाहीन," असं ते गिऱ्हाइकांना माझ्यादेखत सांगायचे. मी तोंडाची तिखट, पण तीन महिने जीभ दाताखाली धरायचं ठरवलं होतं. म्हणजे दोन आठवडे धरली.

त्या उन्हाळ्यात शेठजींच्या डोक्यात एक आलं. पेरणीच्या आधी अनसिंगपासून पोहरादेवीपर्यंतच्या शेतकऱ्यांना नव्या बियाण्याचा मूठमूठ नमुना टपालानं पाठवायचा. हातात बी पडलं, पाहिलं, चार दाणे ओल्या फडक्यात उगवून पाहिले, की माणूस आपोआप दुकानात येतो. नमुन्याचं टपाल तेव्हा स्वस्तात जायचं. शेठजी म्हणाले, "पाकिटं तूच बनव. अक्षर चांगलं हाय त हातही चांगला असंन."

मी ज्वारीच्या पिठाची खळ शिजवली, खाकी कागद कापला आणि ज्वारी, तूर, सरकी अशी तीन जातींची पाकिटं भरून गच्च चिकटवली. इतकी गच्च की मलाच कौतुक वाटलं. गठ्ठा घेऊन पोस्टात गेले. पोस्टमास्तर देशावरचे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी एक पाकीट फिरवून फिरवून पाहिलं.

"बाई, हे चिकटवलंत कशाला?"

"सांडू नये म्हणून."

"नमुन्याचं टपाल स्वस्त का असतं माहीत आहे? आत काय आहे ते आम्हाला उघडून पाहता येतं म्हणून. चाकू न लावता, कागद न फाडता उघडलं पाहिजे. चिकटवायचं असेल तर पत्राचा दर लावा."

पत्राच्या दरानं पाठवलं तर बियापेक्षा तिकीट महाग. सगळा गठ्ठा परत आणला. दिवाणजी फक्त शिंकले. ते शिंकणंसुद्धा मला झोंबलं.

मग मी पाकिटांची तोंडं उघडी ठेवून वरून दोऱ्यानं बांधली, सुरगाठ मारून. ओढली की सुटते. पोस्टमास्तरांनी ओढून पाहिली, मान डोलावली, शिक्के मारले. मी दुकानात येऊन शेठजींना सांगितलं, "गेलं टपाल!" त्या दिवशी एसटीत मी उभ्यानं आले तरी पाय दुखले नाहीत.

आठ दिवसांनी मानोऱ्याकडचा एक शेतकरी उन्हातान्हात दुकानात आला आणि माझं पाकीट गल्ल्यावर उपडं केलं.

"शेठजी, हे बी व्हय का चिवडा?"

ज्वारी, तूर, सरकी सगळं एकत्र. झालं होतं असं, की वाटेत कुठंतरी तपासायला गाठी सोडल्या आणि कोणी परत बांधल्या नाहीत. बांधणार कोण? शेकड्यानं टपाल, हातात वेळ नाही. सगळं बी टपालाच्या थैलीच्या तळाशी जमा झालं. ती थैली पोचली एका खेड्यात, आणि तिथला पोस्टमन निघाला भला माणूस. अन्न पायदळी जाऊ नये म्हणून त्यानं सगळे दाणे गोळा केले, सुपात घेऊन पाखडले, खडे वेचले आणि प्रत्येक पाकिटात सारखे वाटून गाठी मारल्या. "एक दाणा वाया जाऊ देला नाई म्हणे त्यानं," शेतकरी सांगत होता. आता अशा माणसाला शिव्या तरी कशा द्यायच्या?

पण गावात बोभाटा झाला, की हे दुकान भेसळीचं बी देते. बियाण्याच्या दुकानाला याच्यापेक्षा वाईट काही नाही. शेठजी तसे मऊ माणूस, पण त्या दिवशी त्यांचा आवाज चढला. "शनिवारपर्यंत पोस्ट पास करंन आन् सांडणार नाई असं पाकीट दाखव. नाई जमलं त मी जीप करून नमुने वाटतो. मंग सोमवारपासून तू येऊ नको, बाई. मले काही बोलता येणार नाई."

दिवाणजींनी तपकिरीची डबी उघडली. "मी त पयलेच म्हणलं होतं."

"तुमी काय म्हणलं होतं ते सारं गाव ऐकून हाय," मी म्हणाले. "शनिवारी पाहू." बोलून तर गेले. सोमवार काही दूर नव्हता.

घरी मायला सांगितलं. ती रडली नाही, रागावली नाही. दुसऱ्या दिवशी वावरातून येताना शेताच्या मालकिणीला शब्द देऊन आली, की सोमवारपासून दोघी येऊ, धसकटं वेचायला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "मले विचारलं काहून नाई?"

"हाताले काम पाह्यजे का नाई?" ती म्हणाली. "जमलं तुह्यं पाकीट, त बरंच हाय. नाई जमलं त घरी बसून काय करशीन?"

वावरातल्या कामाची मला लाज नव्हती. मायनं त्यावरच मला वाढवलं. पण मला शाळेत बसवण्यासाठी तिनं इतकी वर्षं एकटीनं पाठ वाकवली होती, आणि त्याचा शेवट काय, तर आता दोघींनी वाकवायची. हे मला सहन होईना. ती खुर्ची मला पाहिजे होती. सरळ सांगते, खूप पाहिजे होती.

तीन दिवस मी वेड्यासारखे कागद दुमडले. टाचण्या लावल्या, तर पोस्टमास्तरांच्या बोटाला रक्त आलं आणि त्यांनी मला नियमाचं अख्खं पान वाचून दाखवलं. वाण्यासारखी पुडी बांधली. ती सुंदर उघडते, पण वाण्याशिवाय कोणाला परत बांधता येत नाही. इथं माझ्या ध्यानात आलं, की उघडणं हा प्रश्नच नाही. उघडायला कोणीही उघडते. बंद कोण करते? पाकीट असं पाहिजे की उघडणाऱ्यानं तसंच फेकून दिलं तरी ते आपलं आपण मिटलं पाहिजे.

गुरुवारी गावच्या बाजारात मायसोबत गेले. तिच्या डोक्यावर गाठोडं, एका हातात मिरच्या, चहूकडून धक्के. ओळखीची एक बाई भेटली. "सुपारी हाय का वं?" मायनं दुसरा हात कमरेला नेला, अंगठ्यानं लुगड्याची कनवट जराशी ताणली, आतून सुपारीची दोन खांडं काढली आणि हात काढून घेतला. बस. ना गाठ, ना पिशवी. सुट्टी खांडं, दिवसभर वाकून धसकटं वेचणारी बाई, आणि एक खांड पडत नाही!

"माय, थांब," मी भर बाजारात तिच्या कमरेला हात घातला. "हे पडत काहून नाई?"

"अवं, सोड! लोकं पाहून राह्यले!"

"सांग ना, पडत काहून नाई?"

"पडंन कसं? काठ आतून दुमडला हाय. वाकलं की सुपारीच काठाले दाबते. तुले येवढंही समजत नाई? मॅट्रिक कायची झाली तू?"

मायवं! मी तिथंच ओरडले. मिरच्यावाला दचकला. माल स्वतःच दाराला दाबतो! मी मायला गाठोड्यासकट बाजारात सोडून घरी पळत आले. त्याबद्दल तिच्या शिव्या मी नंतर सावकाश खाल्ल्या.

पाकिटाच्या मागच्या बाजूला चार बोटं कागद जास्त ठेवला आणि तो बाहेरून न दुमडता तोंडातून आत दुमडून सोडला, जिभेसारखा. पाकीट उलटं केलं की बी धावत तोंडाकडे येतं, त्या जिभेच्या मागं अडकतं आणि तिला समोरच्या कागदावर दाबून धरतं. जितका भार, तितकं तोंड घट्ट. पहिल्या पाकिटाच्या दोन्ही कोपऱ्यांतून ज्वारी गळली. मग जिभेची दोन टोकं बाजूंना खळीनं चिकटवली, तोंड मोकळंच ठेवलं. दुसरं पाकीट उलटं धरलं, झटकलं, अंगणात आपटलं. कोंबड्या आशेनं धावत आल्या आणि रिकाम्या पोटी परत गेल्या. उघडायचं तर दोन्ही कडा चिमटीत दाबायच्या, तोंड आ करतं, बोटानं जीभ सारून आतलं पाहायचं. सोडलं की मिटलं. शुक्रवारी मी अशी पाकिटं पन्नासेक बनवली आणि प्रत्येक आपटून पाहिलं.

शनिवारी शेठजी, दिवाणजी आणि मी असे तिघं पोस्टात. शेठजी म्हणाले, "उघडून दाखव." मी म्हणाले, "मी नाई उघडणार. मी बनवलं, मले त येणारच. ज्यानं हे कधी हातात धरलं नाई, ज्याले हे पसंतही नाई, त्यानं उघडावं." आणि पाकीट दिवाणजींच्या हातात दिलं.

आता त्यांची पंचाईत. बोटं जाड, वर तपकीर लागलेली. मुद्दाम धसमुसळेपणा केला त्यांनी, मला दिसत होता. पण कडा दाबल्या गेल्या, तोंड उघडलं, आत ज्वारी दिसली. "उघडलं," ते नाखुशीनं म्हणाले.

"आता फेका," मी म्हणाले.

"आँ?"

"बंद न करता फेका तिकडं, थैल्यांवर."

त्यांनी फेकलं, चांगलं जोरात. पोस्टमास्तर स्वतः उठून गेले. त्यांनी ते उचललं, उलटं धरलं, टेबलावर तीनदा आपटलं, कानाशी नेऊन हलवलं. मग टेबलावरून तळहात फिरवला आणि तळहात पाहिला. तळहातावर धूळ होती, दाणा एकही नाही.

"इतकी वर्षं या खात्यात आहे," ते म्हणाले, "पण तपासणाऱ्याचा आळस गृहीत धरून केलेलं पाकीट पहिल्यांदा पाहतो." आणि धाडकन शिक्का मारला. असा आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही. शेठजींनी टाळी वाजवली, पोस्टातला शिपाई हसायला लागला. दिवाणजी मात्र अजून खाली वाकून फरशीवर दाणे शोधत होते.

तेवढ्यात माझा स्वभाव आडवा आला, आणि बरं झालं आला. म्हटलं, "शेठजी, मी पक्की ना?"

"हो, हो. पाहू, दुकानात बोलू."

"दुकानात कायले? मास्तर साक्षीले हायेत. इथंच लेहून द्या."

पोस्टमास्तरांनी कागद आणि टाक पुढं सरकवला. शेठजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा शिक्क्याकडे, आणि हसत हसत लिहिलं.

संध्याकाळी मायला तो कागद वाचून दाखवला. ती म्हणाली, "अजून एकदा वाच." पुन्हा वाचला. "तुह्यं नाव कुठी हाय?" मी दाखवलं. तिनं त्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही. मग पदर खोचला, कागद माझ्या हातातून घेतला आणि मालकिणीच्या घराकडे निघाली. मी मागं मागं. त्या घरी माय जन्मभर फाटकाबाहेर उभी राहून हाक मारत आली होती. त्या दिवशी तिनं फाटक ढकललं आणि सरळ अंगणाच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"बाई, सोमवारी मी एकटीच येईन."

"काहून? पोरीची तब्येत बरी नाई का?"

"तब्येत बरी हाय," माय म्हणाली, गल्लीत ऐकू जाईल अशी. "तिले हापिस हाय. कायमचं."