मोरचुदाची चिमूट

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी बहरीनला, रिफाजवळच्या एका शेतावर भाजीचं काम करायचो. तिथली जमीन खारी, म्हणून मालकानं प्लास्टिकच्या मांडवात परदेशातून पोत्यांनी आणलेली काळी माती भरली होती. पीट म्हणायचे तिला. मऊ, हलकी, पण श्रीमंती नुसती दिसायला. आत तांबं नाही, जस्त नाही. ते वरून चिमटीनं द्यावं लागे.

निघताना आईनं तवशाचं बी दिलं होतं. तवसं म्हणजे कोकणातली पावसाळ्यातली हातभर काकडी. आमच्याकडे तिचं बी राखेत घोळवून शेणात दाबतात आणि ते शेण भिंतीला थापून ठेवतात. आईनं ती वाळलेली थापटी तशीच सोडवून कागदात बांधली. तिच्यावर आईच्या चार बोटांचे ठसे होते. थापटी वर्षभर ट्रंकेत राहिली. मग आई गेल्याची तार आली. रजा मिळाली नाही. घराला कुलूप लागलं, त्या वर्षी बी धरायला कोणी नव्हतं. आमच्या घरचं तवसं उरलं ते एवढंच, माझ्या ट्रंकेतलं.

थापटी पाण्यात भिजवली. ठसे विरघळले, पण बी रुजवायला दुसरा इलाज नव्हता. बी मांडवातल्या त्या काळ्या मातीत लावलं, तीनच वेल आले. थोडे वाढले आणि शेंडे मुरडले, कळ्या गळू लागल्या. शेतावर एक मिसरी, म्हणजे इजिप्तचा, इंजिनियर होता, त्यानं पान उलटून पाहिलं. "कॉपर मफी," म्हणाला, म्हणजे तांबं नाही, आणि निळ्या खड्यांची पुडी दिली. बादलीला एक चिमूट, पानांवर फवारायचं.

खडे बघून मला हसूच आलं. अहो, हे तर मोरचूद. वडील सुपारीवर फवारायचे, चुन्याच्या पाण्यात मुठीमुठीनं कालवायचे. चिमटीनं काय होतंय? हा मिसरी मला शिकवणार? मी शहाण्यानं मूठभर टाकलं आणि बादली मुळाशी ओतली. दोन वेलांतच ती संपली, म्हणून तिसरा वाचला.

चार दिवसांत ते दोन्ही वेल करपले. स्वतःला इतक्या शिव्या मी आयुष्यात घातल्या नाहीत. इंजिनियरनं चिमूट स्वतः घेतली, तिसऱ्या वेलावर फवारली आणि "इंशाल्ला" म्हणून निघून गेला.

शेंडा सरळ झाला. मांडवात मधमाशी नाही, तेव्हा नर फूल मीच मादी फुलावर टेकवलं. एक तवसं धरलं. एकच.

खोलीतला राजापूरकडचा ड्रायव्हर रोज विचारायचा, "भावा, कोशिंबीर कधी?"

"हात लावून तर बघ."

पिकून पिवळं झाल्यावर कापलं. बी भरलेलं होतं. गर त्याला दिला. त्यानं पहिला घास खाल्ला. मग म्हणाला, "आमच्या आईकडे असंच लागतं रे." मला त्याचा हेवा वाटला.

मालकाच्या गोठ्यातून शेण आणलं. बी राखेत घोळवून त्यात दाबलं, खोलीच्या भिंतीला थापलं आणि हात काढला. चार बोटं उमटली होती. आईची एवढी मोठी नव्हती.