शेळ्यांची वाट

आक्काचा ज्याच्यावर राग असायचा, त्याचं नाव ती बोकडाला द्यायची. उताऱ्यासाठी चार खेपा घालायला लावल्या म्हणून एका बोकडाचं नाव तलाठी होतं. हात करूनही एसटी थांबवली नाही म्हणून दुसऱ्याचं कंडक्टर. सकाळी शेळ्या सोडताना आमची गल्ली तिच्या आवाजानं जागी व्हायची. "चल रे तलाठ्या, लई माजलास! कंडक्टर, मागं सर, म्हातारीला जागा दे!" पुढे घाटनांदूरच्या बाजारात तो बोकड विकला जायचा. बोकड जायचा, राग राहायचा. मग त्याच नावाचा दुसरा बोकड तयार व्हायचा.

आक्का आमची नात्यातली नव्हती, शेजारीण होती. दसरा झाला की आई-बाबा ऊस तोडायला जायचे, ते होळीच्या सुमारास परत यायचे. तेवढे महिने माझी भाकरी आक्काच्या चुलीवर व्हायची. तिला वाचता येत नव्हतं. घरात कुठलाही कागद आला, औषधाची चिठ्ठी, लाइटबिल, लग्नपत्रिका, की ती माझ्यापुढे धरायची आणि म्हणायची, "वाच." मी वाचायचे, ती डोळे मिटून ऐकायची. कंटाळून मी एखादी ओळ सोडली तर डोळे न उघडता म्हणायची, "गाळलंस. परत वाच." कसं कळायचं कोण जाणे. पुढे मी अंबाजोगाईला कॉलेजात जाऊ लागले, तिथले प्राध्यापकही इतकं नीट ऐकत नाहीत.

ती खोटंही बोलत नसे. त्यात तिला काही पुण्याचं वाटायचं असं नाही. "खोटं बोललं की ध्यानात ठेवावं लागतं. माजी शेरडंच लई हायती ध्यानात ठेवाया," एवढंच ती सांगायची.

आता भैय्याबद्दल सांगायला हवं. भैय्या आमच्या भागातला तरुण पुढारी. लिहिताना त्याला अहोजाहो करायला पाहिजे, पण माझ्या हातून ते होत नाही. त्यानं आमच्या गावच्या डोंगरावर जीप चढवायची स्पर्धा सुरू केली. पायथ्याला चुन्याची रेघ, माथ्यावर झेंडा, एका वेळी एकच जीप. जी कमी वेळात झेंड्याला पोचेल ती जिंकली. तो डोंगर गावचं गायरान. आक्काच्या शेळ्या तिथेच चरायच्या.

पहिल्या वर्षी स्पर्धेच्या आधी चार दिवस भैय्याच्या ऑफिसातून मला बोलावणं आलं. गावात कुणाला अर्ज लिहून हवा असला की माझ्याकडे येत, कारण आमच्या घरातच काय, आमच्या गल्लीतही दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. भैय्यानं स्वतः खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाला, "बसा मॅडम." मला तोवर कुणी मॅडम म्हटलेलं नव्हतं. त्यानं सांगितलं तसं मी लिहिलं. गावच्या डोंगरावर मोकाट शेळ्या फिरत असून त्यांच्यामुळे स्पर्धकांच्या जिवाला धोका आहे, तरी त्यांचा तात्काळ बंदोबस्त व्हावा. खाली पाच जणांनी सह्या केल्या. त्या शेळ्या कुणाच्या हे मला माहीत होतं. त्यातल्याच एकीच्या दुधाचा चहा पिऊन मी घरातून निघाले होते. मला वाटलं, दोन दिवस आक्काला दुसरीकडे चारायला सांगतील. नाही, खरं सांगायचं तर मला काहीच वाटलं नव्हतं. अक्षर चांगलं येतंय का, एवढंच मी बघत होते.

दुसऱ्या दिवशी आक्काच्या अकरा शेळ्या गावच्या कोंडवाड्यात गेल्या. शिपाई कुलूप लावून केजला लग्नाला गेला, किल्ली त्याच्या खिशात. आक्कानं भिंतीवरून पाला टाकला, दोरानं पाण्याची घागर सोडली, ती आत दगडावर फुटली. कुलूप तोडायची कुणाची हिंमत झाली नाही, कारण अर्जावर भैय्याच्या माणसांच्या सह्या होत्या. तिसऱ्या दिवशी शिपाई आला तेव्हा चांदी नावाची गाभण शेळी मरून पडली होती.

आक्का भैय्याच्या दारात गेली. तो बक्षिसाच्या ढाली पुसून घेत होता. "शेरडंच हायती ना आक्का, माणूस तर न्हाई मेलं? आन् डोंगर काय तुझ्या बापाचा हाय?" आजूबाजूची पोरं हसली. तिथून आक्का ग्रामपंचायतीत गेली, भांडून त्या अर्जाची झेरॉक्स घेतली आणि सरळ माझ्याकडे आली.

"वाच."

मी वाचलं. 'मोकाट' हा शब्द मी सोडला.

"गाळलंस. परत वाच."

मी परत वाचलं. आक्कानं डोळे उघडले. "अक्षर चांगलं हाय तुजं," ती म्हणाली आणि पीठ मळायला गेली. त्या दिवशीही तिनं मला भाकरी वाढली, पुढेही रोज वाढली. शिव्या दिल्या असत्या तर माझ्या घशाखाली घास उतरला असता.

वर्ष गेलं. एकाही बोकडाचं नाव भैय्या पडलं नाही. मी न राहवून विचारलं. "त्याचं बोकडावर भागत न्हाई," ती म्हणाली. "त्याला त्याच डोंगरावरनं पायी उतरताना बघायचंय मला, सगळ्या लोकांम्होरं. तवर मी मरत नसते." तिनं माझं नाव घेतलं नाही. मलाही 'आणि माझं?' असं विचारायचं धाडस झालं नाही.

पहिल्या वर्षी सगळ्याच जीपा वर चढल्या होत्या, त्यामुळे बघणाऱ्यांना मजा आली नव्हती. दुसऱ्या वर्षी भैय्याला अवघड वाट हवी होती. संक्रांतीनंतर त्याचा एक माणूस मोटारसायकलवर आक्काच्या अंगणात आला. डोंगर पायी हिंडून बघण्याऐवजी त्यानं गाडीवरून न उतरताच विचारलं, "आक्का, तुझी शेरडं सगळ्यात उभ्या अंगानं कुठनं चढत्यात गं?"

आक्का हातातलं काम टाकून उठली. तिनं त्याला पूर्वेच्या अंगाला नेलं, बोटानं वाट दाखवली. त्यानं तिथेच वाटेच्या दोन्ही अंगांना चुन्याच्या रेघा मारायला सांगितल्या. तो गेल्यावर मी विचारलं, "आक्का, तिथनं गाडी जाईल?"

"शेरडी जाती."

"मी गाडीचं विचारतेय."

"त्यानं न्हाई इचारलं."

त्या अंगाला अर्ध्या उंचीवर गुळगुळीत खडक आहे आणि त्यावर मुरमाचा पातळ थर. शेळीचा खूर खडकातली चीर शोधतो. चाक मुरूम उडवतं आणि जागच्या जागी फिरत राहतं. हे मलाही माहीत होतं. मी घाबरले. "कुणी मेलं म्हणजे?"

"मरत न्हाई. तिथं गाडी उलटत न्हाई, बसती. मला काय माणूस मारायचंय का?"

स्पर्धेच्या दिवशी आक्कानं शेळ्यांना घरीच चारा टाकला, धुतलेलं लुगडं नेसली, भाकरी, ठेचा आणि शेंगा फडक्यात बांधल्या. ऊन चढायच्या आत आम्ही डोंगरासमोरच्या हिवराच्या झाडाखाली जाऊन बसलो. लातूर, नाशिक, कुठकुठल्या जीपा आल्या होत्या. माणसाच्या कमरेएवढी चाकं, अंगावर लोखंडी पाइपांचे पिंजरे. भोंग्यावर एक जण न थांबता बोलत होता, वडापावच्या गाड्यांवर गर्दी होती.

पहिली लाल जीप गर्जत निघाली. आक्का शेंग सोलत म्हणाली, "आता बसंल." जीप अर्ध्यावर गेली आणि बसली. चाकं गरगरली, मुरूम उडाला, धूर झाला आणि ती मागच्या मागे घसरत पायथ्याला आली. लोक ओरडले. दुसरी तिथेच. तिसरीही तिथेच. दुपारपर्यंत एकही जीप झेंड्याला पोचली नाही, आणि आक्काभोवती पोरांचा घोळका जमला.

"आक्का, ही निळी?"

"ही नुसता आवाज करती. अर्ध्याच्या बी खाली."

तसंच झालं. पोरं टाळ्या पिटायला लागली. "आक्का, तू लायसन काढ बरं!"

"मला कशाला रं? मी कधी घसरले न्हाई."

मीही हसत होते. पण लातूरचा एक मुलगा, माझ्याच वयाचा असेल, मोडक्या गाडीपाशी डोकं धरून बसला, तेव्हा माझं हसू थांबलं. त्यानं आमचं काय वाकडं केलं होतं? आक्काही त्याच्याकडे बराच वेळ बघत होती. "त्येचं वाईट वाटतंय," ती म्हणाली. पण जागची उठली नाही.

जेवणाच्या सुट्टीनंतर परळीचे एक मिस्त्री आले. साधी, रंग उडालेली जीप, ती त्यांनीच गॅरेजात बांधलेली. सगळ्यांत ते एकटेच आधी पायी अर्ध्या डोंगरापर्यंत जाऊन आले. खाली वाकून मुरूम चिमटीत घेतला, लेंड्या पडलेल्या बघितल्या, आणि विचारत विचारत आमच्या हिवराखाली आले.

"मावशी, शेळ्या तुमच्या ना? उप्पर गाडीको कैसा हाय? मुरूम की पत्थर?"

आक्कानं शेंगा खाली ठेवल्या. "वर मुरूम, खाली खडक. डाव्या अंगाला, चुन्याच्या रेघेला धरून खडक उघडा हाय. चाक तिथं ठेव. घाई करू नगं."

"शुक्रिया मावशी."

मिस्त्रींनी जीप जवळजवळ चालत नेली, डावी रेघ धरून. झेंडा हलला तेव्हा भोंगेवाल्याला क्षणभर काही सुचलंच नाही. मी आक्काकडे बघितलं. "त्येनं गाडीची वाट इचारली," ती म्हणाली.

शेवटी भैय्या. त्याची नवी पांढरी जीप, पुढे हलगी, गळ्यात हार. त्याच्या माणसानं डावीकडे हात करून काही सांगितलेलं मी पाहिलं. भैय्यानं मान उडवली. डावीकडून वळसा पडत होता, आणि त्याला मिस्त्रींपेक्षा कमी वेळात जायचं होतं. तो मधूनच सुसाट निघाला. वेगामुळे इतरांपेक्षा दोन हात वर गेला खरा, पण मग जीपचं पोट खडकावर टेकलं. पुढे जाईना, मागे येईना. चारही चाकं हवेत पोहल्यासारखी फिरत राहिली. मग इंजिन बंद पडलं. हलगी थांबली.

दोर घेऊन वर निघालेली माणसं मुरमावरून घसरून परत येत होती. भैय्या पट्टा सोडून अर्धा बाहेर वाकला होता आणि पाय कुठे टाकावा हे त्याला कळत नव्हतं. आक्का उठली, चपला झाडाखाली ठेवल्या आणि मागच्या पायवाटेनं वर निघाली. मी तिच्या मागे. ती वाट अगदी जवळची, दहा मिनिटांत आम्ही जीपपाशी पोचलो.

भैय्याच्या ओठांना रंग नव्हता. "आक्का, कुणीकडनं उतरू?"

"उजवीकडं घळ हाय, तिकडं पाय टाकू नगं. ह्या अंगानं ये. आन् बूट काढ, बुटानं घसरशील."

त्यानं बूट काढले आणि माझ्यापुढे धरले.

"तुजे तू घे," आक्का म्हणाली.

आम्ही आलो ती वाट तिनं घेतली नाही. ती शेळ्यांच्या वाटेनं निघाली, आणि शेळ्या कधी सरळ जात नाहीत. पाला दिसला तिकडे वळायचं, सावली दिसली तिकडे वळायचं. आक्का एकही वळण सोडत नव्हती. मागे भैय्या, हातात बूट, गळ्यात हार. काटा मोडला की थांबायचा, काढायचा, परत चालायचा. ती वाट सगळ्या गर्दीसमोरून आडवी जाते. हजारभर मोबाइल वर झाले होते. कुणी हसत नव्हतं, सगळे फक्त बघत होते, आणि तेच जास्त होतं.

अर्ध्या तासानं तो वळून मला म्हणाला, "मॅडम, दुसरी वाट न्हाई का?"

"नाही," मी म्हणाले.

इतका गोड शब्द मी त्याआधी उच्चारला नव्हता.

पायथ्याला पोचल्यावर त्याची माणसं त्याला गाडीत घालून घेऊन गेली. आक्का हिवराखाली बसून पाणी प्यायली. मला वाटलं, आता ती माझ्या पाठीवर हात ठेवेल.

"खोटं कावून बोललीस?"

"तुझ्यासाठी, आक्का."

"मी दिसभर एक शब्द खोटा बोलले न्हाई. तू कशाला बोललीस?"

मला रडू आलं. सगळं बळ गोळा करून मी विचारलं, "आक्का, आता तरी झालं का?"

"त्येचं झालं," ती फडकं झटकत म्हणाली. "तुजं अजून हाय."

तेव्हापासून मी वाट बघत राहिले. तिनं पाणी आणायला सांगितलं तरी वाटायचं, हेच असेल. कागद वाचायला दिला तरी तेच वाटायचं. पण ते नुसतं पाणी असायचं, नुसता कागद असायचा.

श्रावणात तिला ताप भरला. अंबाजोगाईच्या दवाखान्यात ठेवलं, तेव्हा तास संपले की मी तिच्यापाशी जाऊन बसायचे. तिच्या शेळ्या पुतण्यानं नेल्या होत्या. ती रोज बारीक होत चालली होती. एका दुपारी चहा पाजताना मी विचारून टाकलं. आजारी माणसाला असं विचारू नये हे मला कळत होतं, पण ती तशीच निघून जाईल याची मला जास्त भीती होती.

"आक्का, माझं काय करायचं ठरवलंस?"

तिनं माझ्याकडे बघितलं. अगदी नीट, नवीन शेळी पारखावी तसं.

"इचार चालू हाय," ती म्हणाली आणि भिंतीकडे कूस वळवली.

दोन दिवसांनी ती गेली. गावात मी हे सांगितलं की बायका माझी समजूत काढतात. म्हणतात, वेडे, तिनं तुला कवाच माफ केलं असंल. पण आक्कानं हाती घेतलेलं काम अर्धं टाकलेलं मी कधी पाहिलं नाही.