फाट्यावर कुणी उभं राहायचं नाही

आमच्या मामांइतका उत्साही माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात दुसरा नाही, आणि असलाच तर त्याच्या घरचे लोक दिवस कसे काढतात हे मला एकदा जाऊन विचारायचंय. जगातल्या त्या शोधाशोधीच्या बड्या कंपनीनं सातासमुद्रापार काही नवं काढलं, की त्याचं बारसं सोनपेठजवळच्या एका खेड्यात, मामांच्या ओसरीवर होतं. मी इकडं परभणीत दात घासत असतो तोच फोन वाजतो. "भाच्या, झोपलास काय? अरे लय मोठं काम झालं! आता आपुन नुसतं बोलायचं, लिव्हतंय ते!" आवाज असा, की ऐकणाऱ्यानं पेढे आणायला धावावं.

विचारलं त्याचं उत्तर देणारं, गप्पा मारणारं ते नवं आलं, तेव्हा लोकांनी त्याला कायकाय विचारलं असेल देव जाणे. मामांनी विचारलं, "जेवलास का?" त्यानं अदबीनं सांगितलं की मी जेवत नाही. मामा हळहळले. "बिचारं! इतकं शानं, पन उपाशी." तेव्हापासून ते जेवताना फोन पालथा घालतात. त्याच्यासमोर खाणं बरं दिसत नाही म्हणे. कॅमेरा धरला की वस्तू ओळखणारं आलं, त्या दिवशी तर त्यांनी गाव पालथं घातलं. शेळीवर धरलं, त्यानं शेळी सांगितली. "बरोब्बर! शेळीच हाय!" म्हणून मामांनी शेळीच्या मालकाला मिठी मारली, जशी काही त्या बिचाऱ्याला आजवर शंका होती. शेवटी चुलीपुढं बसलेल्या मामीवर धरलं. त्यानं मामीला सोडून तिची साडी ओळखली आणि तसल्याच साड्या एकाखाली एक मांडल्या. तोवर "त्या डबड्याला आग लावा" म्हणणारी मामी पदर सावरत म्हणाली, "ती जांभळी जरा मोठी करून दावा बरं."

पण मामांचा खरा जीव नकाशावर. आपलं ठिकाण आपल्याला नकाशावर टाकता येतं, हे त्यांना कळलं मात्र, दोन दिवस माणूस जेवायला उठेना. 'गोड पाण्याची हीर', 'हितं सावली लय', 'कुत्रं चावतं ते घर' असली ठिकाणं त्यांनी झरझर टाकली. त्यातली बरीच कंपनीनं गाळली, कुत्र्याचं घर तर त्या घरवाल्यांनीच भांडून काढायला लावलं. मामांनी टाकलेलं स्वतःचं घर मात्र टिकलं. त्यावर ते इतके खूश होते, की येणाऱ्याजाणाऱ्याला फोन दाखवायचे.

अशातच माझ्या मामेबहिणीला बघायला मानवतहून पाहुणे यायचे ठरले. मुलगा चांगला, दोघं फोनवर बोललेले, आणि आमच्या बहीणबाईंना तो मनापासून आवडलेला. फक्त मुलाचे वडील तापट आहेत, जपून राहा, असं मध्यस्थानं बजावलं होतं. आता आमच्याकडं पाहुणे यायचे म्हणजे घरातला एक माणूस मोठ्या रस्त्याच्या फाट्यावर जाऊन उभा राहतो आणि त्यांना घरापर्यंत आणतो. पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. त्यासाठीच परभणीहून आलेल्या मला मामी तिकडं पाठवायला निघाली, तर मामा आडवे आले. "फाट्यावर कुनी उभं राहायचं न्हाई! कोन्या जमान्यात हायेस? पाहुन्यायला नकाशा आनतोय थेट दारात."

पोहे झाले, पोहे निवले, पाहुण्यांचा पत्ता नाही. मग फोन आला, आणि मुलाच्या वडिलांचा आवाज सगळ्या ओसरीला ऐकू गेला. "आमी आलो! नकाशा म्हनायलाय पोचलात म्हनून. पन हितं तर नुसत्या बाभळी हायेत! चेष्टा करायलाव का आमची?"

मामी कपाळावर हात मारून म्हणाली, "अगं बाई, जुनं गाव!"

आमच्या मामांचं गाव पूर्वी खाली, गोदावरीच्या काठाला होतं. तिला आमच्याकडं गंगाच म्हणतात. पुराच्या धास्तीनं गाव उठलं आणि वर माळावर बसलं. त्यालाही आता जमाना झाला. खाली राहिली घरांची जोती, बाभळी आणि एक मारुती. नकाशानं 'तुमचं घर कुठं?' असं विचारलं, तेव्हा हरखलेल्या मामांचं बोट काहीएक विचार न करता तिथंच टेकलं होतं.

बहीण तडक उठली. डोळे मात्र भरले होते. तिनं पोहे डब्यात भरले. "दादा, तुमी बाबाला घेऊन पुढं व्हा, मी स्कूटीवर आलेच." मोटारसायकलवर माझ्या मागं बसलेले मामा सारखं एकच म्हणत होते, "माझ्या हातानं पोरीचं वाटोळं केलं रे मी."

खाली मुलाचे वडील धोतरातली कुसळं उपटत उभे होते, चेहरा लालबुंद. माफी मागायची सोडून मामा त्यांच्यापुढं हात जोडून म्हणाले, "या, या. आलंच हाय आपलं घर." आणि एका जोत्यावर चढताना ते चक्क कमरेत वाकले.

"कामून वाकायलाव?" वडील खेकसले.

"चौकट बुटकी होती. डोकं लागतंय."

तिथं चौकट नव्हती, भिंत नव्हती, काहीच नव्हतं. त्या तापट माणसानं मामांकडं जरा वेळ पाहिलं, टोपी सावरली आणि तोही वाकून आत आला. मागून त्याची बायको आली, मुलगा आला, सगळे वाकून. मामा दाखवत सुटले, "ही ओसरी. हितं चूल. ह्या कोपऱ्यात माझी माय दळायची." मग बहीण आली, ती पण वाकूनच. गार पोहे सगळ्यांनी जोत्यावर बसून खाल्ले. उठताना वडील म्हणाले, "सोयरीक पक्की. पन लगनाला फाट्यावर मानूस उभा करा."

संध्याकाळी मी मामांपाशी बसून घर माळावर नव्या जागी टाकलं. जुन्या जागेचं काय, असं तो नकाशा विचारत होता. 'कायमचे बंद' असा एक पर्याय होता. मामांचं बोट तिथं थांबलं.

"बंद कसं म्हनू रे? तुझी मामी माप वलांडून त्याच दारातून आली." त्यांनी खाली सरकवत सरकवत वेळेचा रकाना शोधला आणि माझ्याकडून त्यात भरून घेतलं, चोवीस तास उघडं.

बहीण आता मानवतला सुखात आहे. मामांचे सकाळचे फोन चालूच आहेत, पण हल्ली नवं काही सांगून झालं तरी ते फोन ठेवत नाहीत, उगाच बोलत राहतात. परवा गंगेला पूर आला. पाणी जुन्या गावातल्या जोत्यांवर चढलं, असं मामी सांगत होती. मला राहवेना, मी नकाशा उघडून बघितला. मामांच्या जुन्या घराखाली लिहिलेलं होतं, आत्ता उघडं आहे.