उलट लागलेली रिळं

काल फिल्म क्लबात एका इंग्रज दिग्दर्शकाचा जुना चित्रपट दाखवला. शेवटी नायक समुद्रात बुडाला, दिवे लागले, लोक उठले, मीही उठले. शेजारचे पांढऱ्या केसांचे गृहस्थ मात्र बसूनच राहिले. मला म्हणाले, “थांबा हो, तो परत येतो.”

मला हसू आलं. या दिग्दर्शकाने मोजकेच चित्रपट काढले आणि ते सगळे त्याच्याच देशात पडले. पुढे बिचारा साबणाच्या जाहिराती करत राहिला. पण कुठे कुठे त्याचे मूठभर वेडे भक्त उरले. आमच्या गावात तो भक्त म्हणजे माझा दादा. क्लबचा प्रोजेक्टर तोच चालवायचा. याच चित्रपटाची शेवटची दोन रिळं त्याने एकदा उलट क्रमाने लावली. नायक बुडाला आणि पुढच्या रिळात घरी येऊन चहा मागू लागला! कुणालाच चूक कळली नाही. उलट पुनर्जन्मावर जोरदार चर्चा झाली. नंतर दादा मला म्हणाला, “गप्प बस हं. दिग्दर्शकालाही हेच आवडलं असतं.” पडलेल्या चित्रपटांचं आयुष्य असल्या चुकांनीच वाढत असावं.

दादाला जाऊन वर्ष होत आलं. त्या गृहस्थांना मी खरं काय ते सांगणार होते. पण पुन्हा खाली बसले, आणि आम्ही दोघं कोऱ्या पडद्याकडे पाहत राहिलो.